पुण्यात चांगला ग्लूटेन-फ्री पाव कुठे मिळेल? घरी जमतो का? आणि दिवाळीच्या फराळाचं काय करायचं?

तुमच्या सहा वर्षांच्या मुलाला महिन्यापूर्वी सिलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनानं आतडं खराब होतं तो आजार, निघाला आणि तो मिसळ समोर आली की पाव मागून रडतो, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. माझ्या लेकीला 2018 साली निघाला, तेव्हा ती सात वर्षांची होती. दीड वर्ष लोहाचं औषध चालू होतं, तरी हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकत नव्हतं. वर्गातल्या रांगेत ती कायम पहिली, कारण उंचीच वाढत नव्हती. पोट मात्र फुगलेलं. टीटीजी नावाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आला, एंडोस्कोपी झाली आणि त्या दिवसापासून घरातला गहू बंद झाला.

आधी विकतच्या पावाचं सांगते. दुकानांची नावं मी देणार नाही. आज चांगलं असलेलं किचन उद्या तसंच राहील याची खात्री मला देता येत नाही. आमच्याच शहरातल्या एका बेकरीत पाटीवर ग्लूटेन-फ्री लिहिलं होतं, आणि आत बघितलं तर त्याच टेबलावर मैद्याचं पीठ मळलं जात होतं. म्हणून नाव विचारू नका, तीन गोष्टी विचारा. पीठ कुठे दळता? त्याच भट्टीत, त्याच ट्रेवर मैद्याचा पाव भाजता का? तपासणीचा रिपोर्ट आहे का? आपल्याकडे ग्लूटेन-फ्री म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. हा आकडा ज्याला माहीत नाही, त्याचा पाव घेऊ नका. आणि तुम्हाला लवकरच कोणीतरी भेटेल जो म्हणेल, "खपली घ्या, खपलीत ग्लूटेन नसतं." अजिबात ऐकू नका. खपली हा गहूच आहे. त्यात ग्लूटेन असतं.

हे मी एवढं ठासून का सांगते, ते ऐका.

माझं सासर सांगली जिल्ह्यातलं. थोरल्या दिरांची शेती आहे आणि ते खपली लावतात. त्या गव्हाचा त्यांना केवढा अभिमान! खत नाही, औषध नाही, आजोबांच्या वेळचं बी. आमच्याकडे कार्याला, सणाला खपलीची खीर असतेच. रात्रभर भिजवलेला, कांडून साल काढलेला गहू तासन्‌तास शिजवायचा, गूळ, ओलं खोबरं, सुंठ, वेलची, वर तुपाची धार. लग्नानंतर मी ती पहिल्यांदा खाल्ली तेव्हा दोन वाट्या मागून घेतल्या होत्या. तिची चव मला अजून आठवते, म्हणून हे सांगताना जीवावर येतं.

2019च्या दिवाळीत आम्ही गावी गेलो. मी लेकीचं सगळं वेगळं नेलं होतं. तवा, पातेलं, ज्वारीचं पीठ, फराळाचे दोन डबे. पाडव्याच्या दुपारी मी वरच्या माडीवर सामान आवरत होते आणि खाली पंगत बसली. भाऊजींनी स्वतःच्या हातानं तिच्या वाटीत खीर वाढली. "घरच्या गव्हानं काय होतंय पोरीला? ते बाजारच्या गव्हाचं दुखणं आहे." ती आठ वर्षांची. काका वाढतोय म्हटल्यावर तिनं खाल्ली. मी खाली आले तेव्हा वाटी अर्धी झाली होती.

रात्री दोन वाजल्यापासून उलट्या. न्हाणीघराच्या दारात ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि मला म्हणाली, "आई, काकांना रागावू नकोस, मलाच खावीशी वाटली." मी रागावले. सकाळी अंगणात सगळ्यांसमोर जे तोंडाला येईल ते बोलले. भाऊजी म्हणाले, "पुण्याच्या डॉक्टरांनी काढलेलं फॅड आहे हे. आमच्या सात पिढ्या गहू खाऊन जगल्या." त्यानंतर दोन वर्षं आम्ही गावी गेलो नाही.

फॅड म्हणणाऱ्यांना मी एकच गोष्ट सांगते. विलेम डिके नावाचे नेदरलँड्समधले लहान मुलांचे डॉक्टर होते. गव्हाबद्दल त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. बाकीची मुलं खंगत होती आणि सिलिअॅकची मुलं मात्र सुधारत होती. पाव परत मिळायला लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. तेव्हा हे पुण्याच्या डॉक्टरांनी काढलेलं नाही.

आता घरचा पाव. लोक म्हणतील भाकरी द्या. भाकरी द्याच, पण पोराला पाव हवा असतो तेव्हा त्याला सगळ्यांसारखं खायचं असतं, हे मी पाहिलंय. माझे सहा पाव दगड झाले, सातवा जमला. चुकत होतं ते असं, की मी मैद्याच्या पावासारखं मळत होते, फुगवत होते, दाबून परत फुगवत होते. इथे चिवटपणा धरून ठेवायला ग्लूटेन नाही, ते काम इसबगोल करतं. तेही पूड नको, अख्खा भुसा घ्या.

ज्वारीचं पीठ 120 ग्रॅम, तांदळाचं 80, आणि साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक करून चाळलेला 100 ग्रॅम. 20 ग्रॅम इसबगोल 330 मिली कोमट पाण्यात घालून ढवळा. पाच मिनिटांत त्याची जेली होते. पिठात एक चमचा मीठ, दोन चमचे साखर, 6 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. मग जेली, दोन मोठे चमचे तेल आणि चमचाभर व्हिनेगर घालून हातानं पाच मिनिटं चांगलं कालवा. थालीपीठ थापतो तेवढं सैल, हाताला चिकटणारं झालं पाहिजे. नव्या ज्वारीला पाणी कमी लागतं, जुनीला जास्त, ते तुमच्या हाताला कळेल. लगेच टिनमध्ये घाला, ओल्या हातानं वरून सारखं करा आणि एकदाच फुगू द्या, पाऊण तास ते तास. टिनच्या काठाच्या जरा खाली असतानाच ओव्हनमध्ये ठेवा. काठाच्या वर जाऊ दिलात तर भाजताना मधोमध खचतो. 200 डिग्रीला 55 मिनिटं, मग टिनमधून काढून आणखी दहा मिनिटं. आणि दोन तास, पूर्ण गार होईपर्यंत, सुरी लावायची नाही. गरम कापलात तर आत चिकट लगदा दिसेल आणि कच्चा राहिला असं वाटेल. कच्चा नसतो, वाफ जिरायची असते. राहिलेल्याचे काप करून फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तसे तव्यावर शेका. लादी पावासारखा लुसलुशीत होत नाही. पण मिसळीच्या रश्श्यात बुडवला की विरघळत नाही, रस्सा पितो. लेकीला तेवढं पुरलं.

पीठ गिरणीतून आणू नका. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्याच जात्यात असतो. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात आजवर गव्हाचा एक दाणा पडू दिलेला नाही.

फराळाचं तुम्हाला वाटतंय तेवढं अवघड नाही. बेसनाचे लाडू, चिवडा, तांदळाच्या भाजणीची चकली, यात गहू नसतोच. तो मागच्या दारानं येतो. हिंगाच्या डबीवर बघा, बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. तांदळाच्या पिठातला किंवा खडा हिंग शोधा. मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बऱ्याच घरी असतो. आणि तळणीचं तेल! शंकरपाळे किंवा गव्हाच्या कुरडया तळलेल्या तेलात चकली सोडली की ती चकली गेली. पारी तांदळाच्या उकडीची असली की माझ्या करंज्या तेलात फुटतात, म्हणून मी सारण तेच ठेवून त्या मोदकासारख्या उकडते. शंकरपाळे मी सोडून दिले. भाऊबीजेला पाहुणे शंकरपाळे आणतात तेव्हा अजून जड जातं.

खरा फराळ म्हणजे अनारसे. हे मला सासूबाईंनी दाखवलं. त्या भांडणानंतर काही महिन्यांनी त्या एकट्या एसटीनं पुण्याला आल्या, पिशवीत नवी काथवट आणि नवं चाळण घेऊन. काही बोलल्या नाहीत. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, धोतराच्या कापडावर पसरून जरा दमट असतानाच घरघंटीत दळले. गूळ मिसळून गोळा आठवडाभर मुरवला. खसखशीवर थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं. पहिले दोन हसले, तुपात विरघळून गेले. त्यांनी गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मिसळली आणि तिसऱ्याला जाळी पडली. लेकीनं तो ताटलीत ठेवून आधी नुसता बघितला. म्हणाली, "हा सगळ्यांसाठी केलाय का माझ्यासाठी?" सासूबाई म्हणाल्या, "सगळ्यांसाठी. आता ह्या घरात एकच फराळ व्हायचा." तेव्हापासून तसंच आहे, आणि तुम्हीही तसंच करा. मुलासाठी वेगळा डबा कशाला? सगळ्यांनाच त्याच्यासारखं खाऊ द्या.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी डॉक्टर नाही. घरात आणखी कोणाची तपासणी करायची असेल, भावंडांची तर कराच, तर ती होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो. ओट्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जव, म्हणजे सातूसुद्धा चालत नाही. आणि उलटी झाली नाही म्हणजे सोसलं, असं समजू नका. काही मुलांना बाहेरून काहीच कळत नाही आणि आतडं खराब होत राहतं. माझ्या लेकीचा टीटीजी त्या खिरीनंतरच्या तपासणीत पुन्हा वर गेला होता. सुट्टीभर गावी आणखी काय काय पोटात गेलं असेल, कोण जाणे. तो रिपोर्ट मी भाऊजींना पाठवला, त्यांचं उत्तर आलं नाही. आता आम्ही गावी जातो, तेही तिला खीर वाढत नाहीत. पण "माझं चुकलं" एवढं ते अजून म्हणालेले नाहीत, आणि मला ते ऐकायचं आहे.

तुमच्या घरात कोणी "एवढ्याशानं काय होतंय" म्हणालं तर पहिल्याच वेळी सगळ्यांसमोर नाही म्हणा. मी त्या दिवशी सामान आवरायच्या आधी खाली जाऊन ते म्हणायला हवं होतं.

पहिला पाव फसला तर कापलेल्या कापाचा फोटो टाका, पाणी जास्त झालं की फुगवण, ते मी बघून सांगते.