रॉजर झेलाझनी कोण होता? हिंदू देवांवर विज्ञानकादंबरी लिहिणाऱ्या या अमेरिकन लेखकाला वाचावं का?

जरूर वाचा. फक्त देवांची नावं बघून 'परदेशी माणसाने आपली पुराणं कशी रंगवलीत ते बघू' अशा हिशेबाने पुस्तक उघडू नका, पहिल्या प्रकरणातच वैतागाल. आधी माणूस थोडा समजून घ्या.

झेलाझनीचा जन्म १९३७ चा, ओहायो राज्यातल्या, क्लीव्हलँड शहराला लागून असलेल्या युक्लिड गावचा. वडील पोलंडहून आलेले, हा एकुलता एक. शाळेत असल्यापासून मासिकांना कथा पाठवायचा आणि त्या साभार परत यायच्या. १९६२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. झाला, विषय शेक्सपिअरच्या काळातली आणि त्याच्या लगेच नंतरची इंग्रजी नाटकं. एवढं शिकून नोकरी कुठे, तर सोशल सिक्युरिटीच्या सरकारी कचेरीत. पेन्शन आणि भत्त्यांचे दावे तपासायचे. आधी क्लीव्हलँड, मग बाल्टिमोर.

त्याच सुमारास त्याने परत आलेल्या आपल्या कथा काढून वाचल्या आणि त्याच्या लक्षात आलं की आपण वाचकाला सगळं समजावत बसतो, जणू त्याला अक्कलच नाही. तिथून त्याने समजावणं सोडलं. माझ्या मते त्याची सगळी करामत या एका निर्णयात आहे, आणि त्याला वाचताना होणारा त्रासही त्यातूनच येतो.

मग गाडी सुसाट सुटली. नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानकथांचे दोन मोठे पुरस्कार. पहिले नेब्युला १९६६ मध्ये दिले गेले, त्यातले दोन याला. त्याच वर्षी कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार 'ड्यून' आणि याची 'धिस इमॉर्टल' यांच्यात विभागून दिला गेला, तोही क्लीव्हलँडला भरलेल्या विज्ञानकथांच्या संमेलनात, म्हणजे त्याच्या घरच्या अंगणात! 'ड्यून' आज सगळ्यांना माहीत आहे, दुसऱ्या पुस्तकाचं नाव कुणी काढत नाही.

आता तुम्ही विचारलेलं पुस्तक, 'लॉर्ड ऑफ लाइट'. प्रकाशन १९६७, ह्यूगो १९६८. लेखक तेव्हा तिशीचा, अजून त्या कचेरीतच. गोष्ट अशी: 'स्टार ऑफ इंडिया' नावाच्या यानातून माणसं एका परक्या ग्रहावर पोचतात. यान चालवणारी मूळ मंडळी यंत्रांच्या आणि कमावलेल्या शक्तींच्या जोरावर ब्रह्मा, यम, काली, अग्नी होऊन बसतात, आणि प्रवाशांचे वंशज त्यांची पूजा करतात. मन एका शरीरातून दुसऱ्या शरीरात घालता येतं, म्हणून पुनर्जन्म खरा आहे, पण तो सरकारी आहे. नवं शरीर हवं तर कर्माच्या अधिकाऱ्यांपुढे उभं राहायचं. ते यंत्राने तुमचं मन वाचतात आणि ठरवतात की पुढे तरणाबांड देह द्यायचा की कुत्र्याचा. देवळाजवळ प्रार्थनेची यंत्रं आहेत: नाणं टाका, दांडा ओढा, प्रार्थना झाली, आणि तिची नोंद तुमच्या खात्यावर. दिवसभर दावे निकालात काढणाऱ्या माणसालाच हे सुचावं, असं मला राहून राहून वाटतं. त्याने तसं कुठे म्हटल्याचं मला माहीत नाही, हा माझा तर्क.

या देवांविरुद्ध सॅम उठतो. पूर्ण नाव महासमात्मन्, पण त्याला एवढा भार नको असतो. छापखाना नि साध्या सोयी लोकांना मिळू नयेत म्हणून देव धडपडतात, आणि सॅम त्यांच्यावर हत्यार म्हणून बौद्ध धर्म काढतो, स्वतःचा विश्वास नसताना. पुस्तकातला सर्वांत भारी भाग इथेच आहे. कालीने त्याला मारायला पाठवलेला रिल्ड आजारी पडतो, भिक्षू त्याची शुश्रूषा करतात, आणि सॅमचा उसना उपदेश ऐकून रिल्डला खरंखुरं ज्ञान होतं. गुरू बनावट, शिष्य अस्सल. पुढे हा शिष्य नदीवर एकटा यमाला अडवायला उभा राहतो.

मराठी वाचकाला काही गोष्टी खटकणार. आपल्याकडे निर्ऋती ही देवता स्त्री आहे, इथे तो पुरुष आहे आणि मूळचा यानावरचा ख्रिस्ती धर्मगुरू! यम आणि कालीचं लग्नही आहे. पुराणाशी ताळा करत बसलात तर हाती काही लागणार नाही. आणि एक महत्त्वाचं: पहिलं प्रकरण काळाच्या क्रमाने सहाव्या आणि सातव्याच्या मधलं आहे. दोन ते सहा ही मागची हकीकत. लेखक हे सांगत नाही, म्हणून मी सांगितलं.

याच कादंबरीवर सिनेमा काढायचा घाट घातला गेला होता. कॉमिक्सचा नावाजलेला चित्रकार जॅक कर्बी याने देखाव्यांची चित्रंही काढली, पण पुढे सगळं बारगळलं. ती पटकथा अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेच्या, सीआयएच्या हाती लागली. 'आर्गो' असं नाव देऊन, सिनेमासाठी जागा बघायला आलोय या बहाण्याने, जानेवारी १९८० मध्ये इराणच्या तेहरानमध्ये अडकलेल्या सहा अमेरिकनांची सुटका केली गेली.

नोकरी त्याने १९६९ मध्ये सोडली. १९७० पासून 'अँबर' ही अद्भुत कादंबऱ्यांची मालिका सुरू झाली, पाच-पाचच्या दोन खेपांत दहा पुस्तकं. ती खूप खपली. पहिली पाच मजेदार आहेत. एकात अंधारकोठडीचा रॉजर नावाचा पहारेकरी भेटतो, फावल्या वेळात कादंबरी लिहिणारा. दुसरी पाच नाही वाचलीत तरी चालेल. एकूण सहा ह्यूगो आणि तीन नेब्युला मिळाले, तरी बाल्टिमोरच्या दिवसांतली धार पुढे लघुकथांतच जास्त दिसते. १९७५ ला तो न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला गेला, ऐकिदो ही जपानी युद्धकला शिकला आणि शिकवलीही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन तिथला त्याचा जवळचा मित्र. जून १९९५ मध्ये कर्करोगाने गेला, वय अवघं ५८.

सुरुवात 'अ रोझ फॉर एक्लिझिअ‍ॅस्टिस' या मंगळावरच्या दीर्घकथेने करा, एका बैठकीत होते. ती आवडली तर 'लॉर्ड ऑफ लाइट'. आणि ऑक्टोबर जवळ आला असेल तर 'अ नाइट इन द लोनसम ऑक्टोबर' हाताशी ठेवा: निवेदक कुत्रा आहे, महिन्याच्या प्रत्येक दिवसाला एक प्रकरण, आणि बरेच लोक ते रोज एक असंच वाचतात.