सहा महिन्यांच्या बाळाला पुस्तक वाचून दाखवा असं डॉक्टर का सांगतात?

तुमचा प्रश्न असा आहे की लस द्यायला गेलात तेव्हा डॉक्टरांनी बाळाला रोज पुस्तक वाचून दाखवायला सांगितलं. सहा महिन्यांच्या जिवाला त्यातलं काय कळणार, आणि हे सांगणं डॉक्टरांचं काम आहे का?

मी फॅमिली डॉक्टर आहे आणि हेच मीही सांगते. गोष्ट त्याला कळणार नाही, खरंय. पण आई-बाबांचा आवाज कळतो, मांडीची ऊब कळते, आणि चित्रावर बोट ठेवून कुणी काही म्हणालं की आपणही तिकडे बघायचं, हे हळूहळू कळायला लागतं. बोलणं पुढे त्यातूनच येतं.

तपासताना मी स्टेथोस्कोपच्या आधी जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पुढे करते. एकदा नऊ महिन्यांची एक मुलगी आली होती. तिनं पुस्तक ओढून घेतलं, या हातातून त्या हातात केलं, कोपरा चांगला चघळला आणि कुत्र्याच्या चित्रापाशी थबकली. आई ‘भू भू’ म्हणाली तशी तिनं मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुन्हा चित्राकडे. अर्ध्या मिनिटात मला तिची पकड दिसली, नजर दिसली, आवाजाला मिळणारा प्रतिसाद दिसला. एवढं तर प्रश्न विचारूनही कळत नाही. (चघळू द्या हो. त्या वयात पुस्तक तोंडातच जातं.)

डॉक्टरच का, तर शाळा सुरू होईपर्यंत बाळाला ठरावीक महिन्यांनी बघणारं घराबाहेरचं माणूस बहुतेक वेळा आम्हीच असतो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये बॅरी झुकरमन आणि रॉबर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञांनी ‘रीच आउट अँड रीड’ हा उपक्रम सुरू केला तो याच विचारानं: नेहमीच्या तपासणीला आलेल्या मुलाच्या हातात पुस्तक द्यायचं आणि पालकांना ते कसं वाचायचं हे तिथंच दाखवायचं. २०१४ मध्ये अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही वाचनाला प्रोत्साहन देणं हा जन्मापासूनच्या प्राथमिक तपासणीचा भाग असावा, असं स्पष्ट सांगितलं.

मात्र याचा अर्थ अक्षरं घोकून घेणं असा मुळीच नाही, आणि तसं करणारे पालक पाहिले की मला वाईट वाटतं. छापलेलं जसंच्या तसं वाचायचीही गरज नाही. ज्या आजीला वाचता येत नाही, तिनं चित्र बघून स्वतःची गोष्ट रचली तरी काम झालं. बोला मात्र तुमच्या घरच्या भाषेत. ‘हे काय गं?’ विचारा आणि थांबा. बाळानं हुंकार दिला की तेच उत्तर समजून पुढे बोला. पाच मिनिटांत कंटाळलं तर पुस्तक मिटा. दोन वर्षांचं झालं की तेच पुस्तक दहादा मागेल. दहादा वाचा, कारण पुढचा शब्द आपल्याला आधीच माहीत आहे याचा त्याला फार आनंद असतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या: दीड वर्षाचं होऊनही बाळ कशाकडेच बोट दाखवत नसेल किंवा हाकेला वळत नसेल, तर ‘बोलेल सावकाश’ म्हणत थांबू नका, डॉक्टरांना सांगा. आणि पुढच्या लसीला जाताना त्याचं आवडतं पुस्तक सोबत घ्या. सुई टोचून झाल्यावर तेच उघडून मांडीवर घ्या, रडणं लवकर थांबतं असा माझा अनुभव आहे.