जुनी तांब्या-पितळेची भांडी ऑनलाइन विकताना किंमत कशी ठरवावी?

ओएलएक्सवर इतरांनी जी किंमत लावली आहे तीच आपल्या जुन्या भांड्यांना लावली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. चालणार नाही. तिथे दिसते ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. एखादी जाहिरात महिनोन्महिने त्याच आकड्यावर पडून असेल, तर त्या भावाला गिऱ्हाईक नाही एवढेच तिच्यावरून कळते.

हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही. अमळनेरचे जुने घर पाडायचे ठरले तेव्हा माळ्यावरून आजीचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब खाली उतरवला. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणतो, यांचे म्हणणे असे की जुन्या वस्तूला भाव नसतो, वजन असते, आणि चार ठिकाणी भाव विचारत फिरणे आपल्या घराला शोभत नाही. त्यांनी मोड घेणाऱ्याला बोलावलेही. त्या गृहस्थाने बंब काट्यावर ठेवला, लोखंडी जाळीचे म्हणून अंदाजाने वजन वजा केले आणि उरलेल्या सगळ्याला पितळेचा दर सांगितला. मी भिजवलेली चिंच घेऊन बुडाजवळ घासले, तेव्हा काजळीखालून लालसर तांबे निघाले. पितळ फक्त तोटीला आणि कड्यांना होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, त्यामुळे मोडीत तांब्याला जास्त दर मिळतो, हे त्या व्यापाऱ्याला ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. मी बंब परत आत नेऊन ठेवला. नानांना तो त्यांचा अपमान वाटला.

त्यानंतर मी एकाच दिवशी दोन भांड्यांच्या दुकानांत तांब्याचा मोडीचा दर विचारला, कारण तो दर रोज बदलतो आणि त्याच्याखाली उतरायचे नाही एवढे तरी त्याने ठरते. मग जळगाव, धुळे, नाशिक आणि पुण्याच्या जाहिरातींपैकी त्याच आकाराचे, न गळणारे बंब तेवढे वहीत उतरवले आणि कोणती जाहिरात कोणत्या किमतीला असताना लवकर निघून गेली ते पाहत राहिलो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती वेगळ्या पाहता येतात, परंतु ते बहुतेक परदेशी गिऱ्हाइकांचे दर असतात. डॉलरचे रुपये करून ते इथे लावण्यात अर्थ नाही. वाहतुकीचा खर्च आधीच काढावा. अनेक कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, म्हणजे ५० × ५० × ६० च्या खोक्याचे वजन, आतला बंब कितीही हलका असला तरी, ३० किलो धरले जाते. म्हणून मी ‘स्वतः येऊन न्यावे’ असे स्पष्ट लिहिले. नाशिकचे एक गृहस्थ गाडी घेऊन आले आणि मोडीच्या जवळपास दुप्पट रक्कम देऊन गेले.

अर्थात प्रत्येक भांड्याचे असे होत नाही. गळक्या किंवा चेपलेल्या साध्या कळशीला मोडीपेक्षा अधिक कोणी देत नाही, तिथे नानांचे म्हणणे खरे आहे. शिवाय वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशातल्या गिऱ्हाइकाला होकार देण्यापूर्वी वस्तूचे वय तपासावे. आणि घरातले वडीलधारे ‘देऊन टाक’ म्हणाले, तर त्यांच्यासमोर मोडीचा दर आणि आपली वही दोन्ही ठेवावीत. नानांकडे अजून दोन घंगाळी आहेत; ती मोडीत घालण्यापूर्वी त्यांनी निदान ही वही एकदा वाचावी, एवढेच माझे त्यांच्याकडे मागणे आहे.