शाळा सुरू झाली आणि नाक गळायला लागलं

"मॅडम, याची इम्युनिटीच कमी आहे का हो?" हा प्रश्न मला जून ते डिसेंबर दर आठवड्याला एकदा तरी येतोच. मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे, एका बालरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी बसते. ज्यांच्या मुलाला तपासून झालंय, घाबरण्यासारखं काही नाही हे डॉक्टरांनी सांगून झालंय आणि तरी आईबाबा घाबरलेलेच आहेत असे लोक माझ्या खोलीत येतात. आज त्यातलीच एक केस सांगते (ओळख पटेल असे तपशील बदललेत), कारण त्यात जवळजवळ प्रत्येक घरातलं थोडं थोडं आहे.

2025 चा नोव्हेंबर होता. डोंबिवलीत राहणारी, ऐरोलीला नोकरी करणारी आई, आणि सव्वातीन वर्षांचा मुलगा, त्याला आपण छोटू म्हणू. डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं कारण एका आठवड्यात ती तिसऱ्यांदा आली होती आणि या वेळी सरळ "अँटिबायोटिक लिहूनच द्या" म्हणाली होती. छोटू आत आला, नाकाखाली दोन रेषा वाळलेल्या, आणि आल्या आल्या माझ्या टेबलावरचे स्केचपेन ताब्यात घेऊन जमिनीवर बसला. आई मात्र खुर्चीच्या अगदी कडेवर, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"जूनपासून हा सतत आजारी आहे, सतत म्हणजे सतत, एक दिवस धड नाही. आधी असा नव्हता हो. माझ्या सगळ्या सुट्ट्या संपल्या. सासूबाई म्हणतात एवढ्या लहान पोराला शाळेत कोंबलं म्हणून झालं, आमच्या वेळी सहा वर्षांचा झाल्याशिवाय कोण पाठवत होतं. नवरा म्हणतो केळं आणि दही बंद कर. ऑफिसमध्ये बॉस काही म्हणत नाही पण बघतो असा की विचारू नका."

इथे माझी चूक झाली ती सांगून टाकते. मी लगेच आकडे सुरू केले. या वयाच्या मुलांना वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं अगदी सर्वसाधारण आहे, शाळेचं किंवा पाळणाघराचं पहिलं वर्ष असेल तर दहा-बारासुद्धा होतात, सर्दीचे व्हायरस दोनशेच्या घरात आहेत, नुसत्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून जास्त प्रकार, प्रत्येकाशी शरीराची नव्याने ओळख व्हायची असते वगैरे वगैरे. सगळं खरं. पण ते ऐकून ती रडायला लागली. म्हणाली, "म्हणजे अजून सात वेळा?" मी गप्प बसले. घाबरलेल्या माणसाला सरासरी सांगून धीर येत नाही हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

मग मी विचारलं, सर्दीच्या तारखा कुठे लिहून ठेवल्यात का. ती म्हणाली, किचनमध्ये कालनिर्णय आहे, त्यावर दुधाच्या हिशोबाशेजारी "छोटू ताप", "छोटू डॉ." असं काहीतरी सासूबाई लिहितात. म्हटलं पुढच्या वेळी तेच काढून घेऊन या आणि एक लाल पेन पण आणा.

पुढच्या आठवड्यात ती गुंडाळलेलं कॅलेंडर घेऊन आली, आणि सोबत सासूबाई! (मी बोलावलं नव्हतं, पण बरं झालं.) आम्ही तिघींनी मिळून नाक गळतंय किंवा खोकला आहे असा प्रत्येक दिवस लाल केला, कॅलेंडर आणि मोबाइलमधले फोटो आणि डॉक्टरांचे जुने कागद सगळं पुढ्यात मांडून. 16 जूनला शाळा सुरू, 26 जूनला पहिली सर्दी. मग जुलैच्या मध्यावर दुसरी. गणपतीत तिसरी (घरात पंधरा पाहुणे, सगळ्यांनी पापे घेतलेले). दसऱ्याला चौथी. आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभरात पाचवी. एकूण पाच, लाल दिवस 54.

आणि ऑगस्टचं पान? जवळजवळ पांढरं. जुलैच्या शेवटापासून गणपतीपर्यंत महिनाभराहून जास्त पोराला काही म्हणजे काही झालं नव्हतं. आई पानाकडे बघतच राहिली. "ऑगस्ट मला आठवतच नाहीये," म्हणाली. मग सासूबाईच म्हणाल्या, "अगं कृष्ण नाही का झाला होता शाळेत, मोरपीस लावून, दिवसभर लोणी मागत होता," आणि आईने फोटो काढून मला दाखवला, आणि दोन भेटींत पहिल्यांदा ती हसली.

मला वाटतं खरं समुपदेशन काय ते त्या पाच मिनिटांत झालं. तिच्या डोक्यात "सतत" होतं, भिंतीवर मात्र 158 दिवसांतले 104 दिवस मूल ठणठणीत होतं. आणि ती खोटंही बोलत नव्हती, कारण सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते पण खोकला कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्यात आई रात्री तीनदा उठलेली असते, सकाळी 7:40 ची लोकल असते, तर दिवस मोजायचं सुचणार कसं.

आता सासूबाईंचा मुद्दा. त्यांचं म्हणणं शाळा आणि पाऊस. पावसात भिजला की सर्दी, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय कारण आपल्याकडे शाळा आणि पाऊस दोन्ही जूनमध्येच येतात, त्यामुळे दोष कुणाचा हे कळायला मार्गच नसतो! पण 2025 साली गंमत झाली होती, मान्सून 26 मे लाच मुंबईत येऊन धडकला होता. मी विचारलं, मग मे अखेरपासून शाळा उघडेपर्यंत छोटू काय करत होता? "काय करणार, सोसायटीच्या गेटपाशी डबक्यात उड्या, रोज," आजी म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. तीन आठवडे रोज भिजला, सर्दी नाही. शाळेत गेला, दहाव्या दिवशी सर्दी. एका मुलावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला माहितीये, पण पाणी सर्दी देत नाही, ती दुसऱ्या माणसाकडून येते, हे आजींना पटायला तेवढं पुरलं. म्हणजे शाळेबद्दलचं त्यांचं म्हणणं तसं बरोबरच होतं की, हे पण मी त्यांना सांगितलं. वर्गात पंचवीस नाकं, पंचवीस जोड्या हात आणि एकच खेळण्यांची टोपली. फक्त उशिरा शाळेत घातलं असतं तर ह्याच सर्द्या उशिरा आल्या असत्या. अमेरिकेत टक्सन गावात मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, त्यात लहानपणी मोठ्या पाळणाघरात गेलेल्या मुलांना वयाच्या दुसऱ्या वर्षी सर्द्या जास्त आणि पुढे शाळेच्या वयात उलट कमी झालेल्या दिसल्या. आजी म्हणाल्या, "म्हणजे हप्ते आधी भरले." अगदी तसंच.

दही-केळ्याचं लवकर आटपते, त्यांनी सर्दी होत नाही, मूल खात असेल तर खाऊ दे.

मग आई जरा चाचरत म्हणाली, "एक सांगू का, रागावू नका." जुलैत दिलेल्या अँटिबायोटिकची अर्धी बाटली फ्रीजमध्ये होती, गणपतीत घर भरलेलं, पोर रात्रभर खोकत होतं, तिने त्यातलं दोन दिवस दिलं आणि बरं वाटल्यावर बंद केलं. मी रागावले नाही, हे निम्म्या घरांत होतं आणि कुणी कबूल करत नाही. पण स्पष्ट सांगितलं. सर्दी व्हायरसची असते, अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, दोन दिवसांनी बरं वाटलं ते सर्दी तशीही उतरणीला लागली होती म्हणून. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच असंही नाही, सर्दी जुनी व्हायला लागली की तो तसा होतोच. आणि त्या पावडरच्या बाटल्या पाणी घालून एकदा तयार केल्या की साधारण आठवडा-दोन आठवडेच टिकतात, दीड महिन्यानंतर त्यात औषध म्हणून काय उरतं देव जाणे.

खोकल्याच्या सिरपचंही तेच. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची बातमी सगळ्यांनीच पाहिली होती, कफ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि लहान मुलं किडनी निकामी होऊन गेली. तेव्हा केंद्राच्या आरोग्य खात्यानेही सूचना काढली होती की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली सहसा नकोत. ती बातमी वाचून आईने सगळ्या बाटल्या फेकल्या होत्या आणि मग "आता काय देऊ" म्हणून आणखी घाबरली होती. खरं तर तीच घबराट घेऊन ती डॉक्टरांकडे अँटिबायोटिक मागत होती, मला हे दुसऱ्या भेटीत कळलं.

तर काय द्यायचं? डॉक्टरांनी सांगितलेलंच मी परत सांगितलं, नाकात सलाईनचे थेंब, कोमट पाणी, सूप, वरणाचं पाणी, ताप असेल तर वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामोल, आणि झोपताना अर्धा चमचा मध (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही). वाफ नको, उकळत्या पाण्याचं पातेलं आणि तीन वर्षांचं मूल एका खोलीत नकोच, भाजलेली पोरं दवाखान्यात येतात. मधाचं खातं आजींकडे दिलं, हळदीचं दूधही. त्यांच्याकडे ओव्याची पुरचुंडी होतीच, ती म्हटलं कोमट असेल, आधी स्वतःच्या गालाला लावून बघितली असेल तर असू दे. ज्या बाईला पाच महिने "तुमचे जुने उपाय नकोत" ऐकावं लागलं तिला एक अधिकृत खातं मिळालं की घरातलं वातावरण किती बदलतं हे बघण्यासारखं असतं.

आणि घाबरायचं कधी, हेही कागदावर लिहून दिलं, कारण "काही नाही होत" एवढंच सांगणं मला पटत नाही. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, किंवा शांत बसलेला असताना मिनिटाला 40 किंवा जास्त श्वास (एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी हा आकडा, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचे), ताप तीन दिवसांच्या वर, कान दुखतोय, पाणी पीत नाही, शू कमी झाली, मलूल पडून आहे, तर तेव्हाच डॉक्टर, रात्र असली तरी. दहा दिवस झाले आणि सर्दीत काहीच उतार नाही, किंवा रोज तोंड उघडं टाकून घोरतो, पळाला की खोकतो, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतोय, वजन वाढत नाहीये, तर मात्र "शाळेची सर्दी" म्हणून सोडून द्यायचं नाही, तपासायचं. छोटूला यातलं काही नव्हतं, वजन छान वाढत होतं. दरवर्षीच्या फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा असंही सांगितलं.

तिसऱ्या भेटीला ती एकटी आली आणि मग खरा प्रश्न बाहेर पडला. "मी नोकरी सोडली तर थांबेल ना हे?" मला वाटतं पहिल्या दिवसापासून ती हेच विचारायला आली होती, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं. मी विचारलं, जुलैत तुम्ही चार दिवस सुट्टी घेतली तेव्हा सर्दी किती दिवस टिकली? कॅलेंडर पाहिलं, नऊ. आणि दसऱ्याला बाबा घरी होते तेव्हा? अकरा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मी पण नाही. छोटूची सर्दी तिच्या घरी असण्या-नसण्यावर हलतच नव्हती. नोकरी सोडायची तर सोडा म्हटलं, दुसरं कुठलंही कारण असेल तर, पण सर्दीसाठी नको.

मग आम्ही सरळ वाटणी केली, रात्री अकरा वाजता भांडत ठरवण्यापेक्षा आधीच. ताप असेल तर शाळा नाही, पहिला दिवस बाबा, दुसरा दिवस आजी आणि अर्धा दिवस आई. नुसतं नाक गळतंय, खेळतोय, खातोय तर शाळा, मात्र टीचरना सांगून. टीचरशी बोलल्यावर कळलं की सगळ्या पोरांच्या शर्टाला रुमाल पिन केलेला असतो, आपल्या लहानपणी असायचा तसा, आणि तोच एक ओला रुमाल दिवसभर हाताळून मग डबा! टीचर चांगल्या होत्या, डब्याआधी साबणाने हात धुवायची रांग लावायला लागल्या. त्याने सर्दी थांबत नाही, पण कमी होते.

एक छोटी गोष्ट राहिली. आजारी दिवशी छोटूला मोबाइल मिळायचा, दिवसभर कार्टून. डिसेंबरमध्ये एकदा सकाळी तो टुणटुणीत उठून म्हणाला, "आई मला सर्दी झालीये," आणि नाकाला हात लावून दाखवलं, कोरडं! तेव्हापासून आजारी दिवशी गोष्टी, मांडी आणि मऊ भात, मोबाइल नाही. त्यानंतर "खोट्या" सर्द्या आल्या नाहीत, खऱ्या दोन आल्या.

फेब्रुवारीत आईचा फोन आला, मी म्हटलं झाली वाटतं परत. म्हणाली, "त्याला नाही हो, सासूबाईंना झालीये, त्याच्याकडूनच. आणि बसल्यात मधाची बाटली घेऊन, म्हणतात मी कुठे शाळेत गेले होते गं?" नवीन वर्षाच्या कॅलेंडरवर लाल खुणा आहेत का विचारलं, तर म्हणाली जानेवारीत केल्या होत्या, मग पेन छोटूने कुठेतरी टाकलं आणि आता तिथे फक्त दुधाचा हिशोब आहे.