जंतू आपलं लोह पळवतात कसं?

प्रश्न: रक्ताच्या द्रव भागातलं लोह ट्रान्सफेरिन नावाच्या प्रोटीनला घट्ट धरून असतं, सुटं जवळजवळ मिळतच नाही असं वाचलं. मग मेनिंजायटिसच्या (मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या) जंतूंना वाढायला लोह मिळतं कुठून?

उत्तर: त्याच ट्रान्सफेरिनमधून, आणि ते कसं हे खरंच बघण्यासारखं आहे. एका ट्रान्सफेरिनमध्ये लोहाचे दोनच अणू मावतात आणि निरोगी माणसात त्यातल्या साधारण एक तृतीयांशच जागा भरलेल्या असतात, त्यामुळे कुठे लोह सुटं झालं की लगेच पकडलं जातं आणि बहुतेक जंतू उपाशी राहतात. अश्रू, लाळ, आईचं दूध यात हेच काम लॅक्टोफेरिन करतं.

मेनिंजायटिस आणि गोनोरिया (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार) यांच्या नायसेरिया जंतूंनी मात्र यावर उपाय शोधलाय. त्यांच्या बाहेरच्या आवरणावर दोन प्रोटीनं असतात, टीबीपी-ए आणि टीबीपी-बी (टीबीपी म्हणजे ट्रान्सफेरिन पकडणारं प्रोटीन). बी बाहेर डोकावतं आणि मुख्यतः लोह भरलेलंच ट्रान्सफेरिन धरतं, रिकाम्याच्या नादाला फारसं लागत नाही. ए म्हणजे आवरणात बसवलेली नळी, आणि 2012 मध्ये तिची रचना समोर आली तेव्हा दिसलं की तिचा एक छोटा तुकडा बोट खुपसावं तसा ट्रान्सफेरिनच्या फटीत घुसतो, मग तिथली पकड सैल होते, लोह नळीतून आत जातं आणि रिकामं ट्रान्सफेरिन बाहेरच सुटतं.

ही जोडी फक्त माणसाच्या ट्रान्सफेरिनसाठी बनलेली आहे, उंदराचं तिला चालत नाही, म्हणून प्रयोगासाठी उंदरांमध्ये माणसाच्या ट्रान्सफेरिनचा जीन घालावा लागतो. 1998 मध्ये तर स्वयंसेवक पुरुषांवर प्रयोग झाला, आणि हे रिसेप्टर, म्हणजे ट्रान्सफेरिन पकडणारी ही प्रोटीनं, काढून टाकलेल्या गोनोरियाच्या जंतूंना त्यांच्यात आजार सुरूच करता आला नाही. माझ्या मते यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणं अवघड.

अर्थात सगळ्या जंतूंची पद्धत ही नाही, ई. कोलाय लोह ओढणारे छोटे रेणू बाहेर सोडतो, स्टॅफिलोकोकस हिमोग्लोबिनमधून लोह काढतो. पण नायसेरियाचे रिसेप्टर उघड्यावर असतात आणि त्यांच्याशिवाय त्याचं भागत नाही, त्यामुळे लसीसाठी ते चांगलं लक्ष्य आहेत. अडचण एवढीच की टीबीपी-बी एका जातीच्या जंतूपासून दुसऱ्यापर्यंत बरंच बदलतं, तेव्हा एकच लस सगळ्यांना पुरी पडावी यासाठी अजून बरंच काम करावं लागणार आहे.