फ्लायव्हील बदलले, आता गाडी थरथरते

प्रश्न : माझ्या १४८९ सीसी इंजिनाच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या फ्लायव्हीलला (इंजिनाच्या मागच्या जड चाकाला) तडे गेले होते, म्हणून भंगारातले दुसरे बसवून घेतले. आता पहिल्या गिअरला गाडी उचलताना थरथरते, न्यूट्रलमध्ये रेस केली तरी कंप जाणवतो. पुन्हा उघडावे, की उद्यमनगरात नवेच ओतून घ्यावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ओतून घेऊ नका. बिडाच्या ओतकामात कोल्हापूर कुणाला हार जाणार नाही, पण एका नगासाठी पॅटर्न (साचा पाडायचा नमुना), मशीनिंग आणि तपासणीचा खर्च परवडत नाही. जुनेच फ्लायव्हील पॅटर्न म्हणून वापरले, तर बीड गार होताना टक्काभर आकसते. २८० मिमीला जवळजवळ ३ मिमी. शिवाय आत पोकळी राहिली आणि चाक वेगात फुटले, तर तुकडे बेल हाउसिंग (त्याभोवतीचे कवच) फोडून बाहेर येतात. तड्यांवर वेल्डिंगही नकोच.

न्यूट्रलमधला कंप बहुधा बॅलन्सचा. उचलतानाची थरथर मात्र फ्लायव्हीलचा फेस (क्लचप्लेट टेकते ती बाजू) वाकडा फिरल्याने, क्लचप्लेटला ऑइल लागल्याने किंवा इंजिन माउंटिंग सैल झाल्यानेही येते. गिअरबॉक्स उतरवण्याआधी माउंटिंग पाहून घ्या. ते फुकटात होते.

उघडल्यावर क्रँकचा फ्लँज (ज्या चकतीवर फ्लायव्हील बसते ती) आणि फ्लायव्हीलची बैठक नीट पाहा. गंज, जुना रंग, बोल्टच्या भोकाशी उठलेली बर (धातूची धारदार कड), सगळे बारीक ऑइलस्टोनने काढा. फ्लँज ८० मिमीचा धरला, तर एका कडेला अडकलेला ०.०५ मिमीचा कण २८० मिमीच्या घेरावर ०.१७ मिमीचा डोल देतो. फ्लायव्हीलवरची १/४ ची खूण पहिल्या आणि चौथ्या क्रँकपिनच्या बाजूलाच आली पाहिजे, नाहीतर टायमिंग लावताना फसाल. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने, समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळा.

मग स्पार्क प्लग काढून फ्लायव्हीलच्या फेसवर डायल (बारीक डोल मोजणारा गेज) लावा. फिरवताना क्रँक सतत पुढच्या बाजूला दाबून धरा. हे करायचे विसरलात तर एंड-प्लेच (क्रँकची पुढे-मागे हलण्याची मोकळीक) डायलवर दिसतो आणि चांगले फ्लायव्हील वाकडे ठरते. डोल ०.०८ मिमीच्या आत आला तर चालेल. जास्त भरला तर फ्लायव्हील सोडवून फ्लँजवर डायल लावा. फ्लँज सरळ असेल तर दोष फ्लायव्हीलचा, आणि तो सरफेस ग्राइंडिंगने जातो. प्रेशर प्लेटची (क्लचप्लेट दाबून धरणाऱ्या भागाची) बैठक वेगळ्या पातळीवर असेल तर तिथूनही तेवढेच घ्या, नाहीतर क्लचचा दाब बदलतो.

बॅलन्सिंग ग्राइंडिंगनंतर करायचे, आधी केले तर पैसे वाया. चार सिलिंडरच्या या इंजिनात फ्लायव्हील सुटे बॅलन्स करता येते. नंतर प्रेशर प्लेट लावून पुन्हा एकदा, आणि दोन्हींवर जुळणीची खूण.

रिंग गिअरचे (स्टार्टर ज्यात अडकतो त्या दातेरी कड्याचे) दात झिजले असतील तर रिंग आताच बदला. ती भट्टीत २२० अंशांपर्यंत तापवली की व्यास ०.६ मिमीच्या आसपास वाढतो आणि ती सहज बसते. दातांवर गॅसची ज्योत मारू नका, पाणीही ओतू नका.