लेखनिकासाठी चाळीस टक्क्यांची अट नाही

प्रश्न : ताई, मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून लिहायला बसलं की उजव्या हाताची बोटं आखडतात, वीसेक मिनिटांत पेन धरवत नाही. बाकी कामं नीट होतात, म्हणून कुणाला खरं वाटत नाही. डॉक्टर याला रायटर्स क्रॅम्प म्हणतात. प्रमाणपत्रावर १० टक्के दिव्यांगत्व आहे. लेखनिक, म्हणजे मी सांगेन ते लिहिणारा माणूस, मागायला परीक्षा विभागात गेले, तर खिडकीवरूनच कागद परत मिळाला : ‘चाळीसच्या खाली चालत नाही.’ गेल्या सत्रात दोन पेपरांत शेवटचे प्रश्न कोरे राहिले. उत्तरं येत होती. काय करू?

उत्तर : ‘उत्तरं येत होती’ हे वाक्य वाचून मी थांबले. माझी नजर लहानपणापासून अधू आहे. बी.ए.ला लेखनिक मिळेपर्यंत मीही असे पेपर कोरे ठेवून उठले आहे. ती चीड मला माहीत आहे, म्हणून आधी कामाचं सांगते.

खिडकीवर सांगितलेलं चूक आहे. चाळीसचा आकडा कायद्यात आहे, पण तो दुसऱ्या कामाचा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सूट मिळते. त्यासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व लागतं. जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख कलम १७ मध्ये आहे. तिथे नुसतं दिव्यांग विद्यार्थी म्हटलंय, टक्के नाहीत.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नागरी सेवा परीक्षा देणाऱ्या एका उमेदवाराला तुझाच त्रास होता, रायटर्स क्रॅम्प. दिव्यांगत्व चाळीसच्या खाली म्हणून त्याला लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ ला न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि केंद्र सरकारला अशा उमेदवारांसाठी मार्गदर्शक सूचना काढायला सांगितलं. त्या १० ऑगस्ट २०२२ ला निघाल्या, आणि २०२५ मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. निकालाची आणि आता लागू असलेल्या सूचनांची, अशा दोन्ही तारखा अर्जात घाल. खिडकीवरच्या माणसाला त्या ठाऊक नसतील, वरच्या साहेबांना दुर्लक्ष करता येणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला करावी लागेल. टक्केवारीचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. ‘हिला लिहिण्यात अडचण आहे, लेखनिक आवश्यक आहे’ असं ठरलेल्या नमुन्यात सरकारी वैद्यकीय समितीकडून लिहून आण. तपासणीला जाताना गेल्या सत्राच्या वह्या ने. पहिल्या पानावरचं अक्षर आणि चौथ्या पानावरचं अक्षर शेजारी ठेवलं की तुला फार बोलावं लागणार नाही.

मग अर्ज. खिडकीवर तोंडी काही विचारू नकोस. तोंडी नकाराचा पुरावा राहत नाही. परीक्षा नियंत्रकांच्या नावाने दोन प्रती कर, एक आवक विभागात दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन पोच जपून ठेव. नकार द्यायचा तर लेखी आणि कारणासह द्यावा, हेही अर्जातच लिही. तरी अडवलं, तर तीच पोच जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. वकील लागत नाही.

वेळ तासाला किमान २० मिनिटं जादा मिळते, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा. ‘एवढा वेळ कशाला?’ असं कुणी म्हणालं, तर मनाला लावून घेऊ नकोस. सांगून लिहवून घ्यायला वेळ लागतोच. माझी पहिली लेखनिक अकरावीतली गुणी मुलगी होती. काव्यशास्त्राच्या पेपरात ‘उत्प्रेक्षा’ शब्दावर तिचा पेन अडला. मी सांगत होते, ‘त अर्धा, मग प्रे, मग क्षा.’ तिने खोडलं, पुन्हा लिहिलं, मला वाचून दाखवलं. तेवढ्यात माझं पुढचं वाक्य डोक्यातून निसटलं, ते पेपर संपेपर्यंत परत आलं नाही.

म्हणून लेखनिक मिळाला की काम संपलं असं समजू नकोस. आजवर तू हाताने विचार केलास, आता तोंडाने करायचा आहे. सवय नसेल तर पहिली पंधरा मिनिटं नुसती चाचपडण्यात जातात. जुने दोन पेपर घेऊन लेखनिकासोबत पूर्ण वेळ लावून बस. परिच्छेद कुठे मोडायचा, अधोरेखन कुठे, हे बोलून सांगायची सवय कर. दर पानाअखेर शेवटची दोन वाक्यं वाचून घे. आणि पहिल्याच बैठकीत तुझ्या विषयातले पंचवीस-तीस अवघड शब्द त्याला सांगून लिहायला लाव.